खडेमीठ, सैंधव, पादेलोण: कोणते मीठ कोणत्या कामाला वापरावे

जुन्या नाशकात, भद्रकाली किंवा रविवार कारंजा भागातील एखाद्या किराणा दुकानात नुसते ‘मीठ द्या’ म्हटले की दुकानदार पिशवीबंद बारीक मीठ पुढे करतो. खडेमीठ, खाणीतून निघणारे सैंधव किंवा पादेलोण, म्हणजे काळे मीठ, हवे असेल तर ते नाव घेऊन मागावे लागते, आणि गेल्या काही वर्षांत असे नाव घेऊन मागणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते. मात्र त्यांपैकी बहुतेकांच्या मनात ही मिठे ‘औषधी’ असतात, त्यांत कित्येक खनिजे असतात आणि ती रक्तदाब वाढवत नाहीत, अशी समजूत घट्ट बसलेली असते. ही समजूत बाजूला ठेवली तरी या मिठांचे महत्त्व कमी होत नाही, कारण त्यांचे खरे मोल स्वयंपाकातील आणि साठवणीतील त्यांच्या वागणुकीत आहे. खडा किती मोठा आहे, त्यात ओल किती आहे, त्याला वास कसला आहे आणि पाण्यात विरघळल्यावर तळाशी काय उरते, हे पाहून मीठ निवडावे. आरोग्याच्या दृष्टीने ही सारी मिठे जवळजवळ एकाच पंक्तीतील आहेत.

तुलनेला सुरुवात करण्याआधी रसायनाचा एवढा भाग लक्षात घ्यावा. समुद्राचे असो, खाणीचे असो वा राजस्थानातील सांभर सरोवराचे असो, खाण्याच्या मिठाचा बहुतांश भाग सोडियम क्लोराइडचाच असतो आणि सोडियम क्लोराइडच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असते. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत ओल, चुना, मॅग्नेशियमचे क्षार, लोहाचे अंश आणि थोडी माती येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. एवढ्या मिठातून मिळणारे कॅल्शियम किंवा लोह मूठभर मेथीच्या भाजीपुढे नगण्य ठरते. त्यामुळे खनिजांसाठी महागडे मीठ घेणे हा व्यवहार मला पटत नाही.

आता खडेमिठाकडे वळू, कारण वर्षभराच्या साठवणीची निम्मी भिस्त त्याच्यावरच असते. भारतातील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत पिकते. आपल्याकडे पालघर, ठाणे, मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे राखली, आणि घाट चढून देशावर येणाऱ्या मालात मीठ हा फार जुना जिन्नस आहे. बैलांचे तांडे घेऊन फिरणारे बंजारे व्यापारी मीठ आणि धान्य यांचीच वाहतूक प्रामुख्याने करीत असत. मिठागरात समुद्राचे पाणी एकामागून एक वाफ्यांत फिरवून उन्हाने आटवले जाते. पाणी घट्ट होत गेले की प्रथम चुन्याचे आणि जिप्समचे क्षार तळाशी बसतात, त्यानंतर मिठाचे स्फटिक धरू लागतात, आणि अगदी शेवटी जे तेलकट, कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार साठलेले असतात. कसबी आगरी हे शेवटचे पाणी वेळेवर काढून टाकतो. ते काढण्यास उशीर झाला किंवा मिठाची रास पुरेशी निथळली नाही, तर तोच कडवटपणा खड्यांना चिकटून बाजारात येतो.

खडेमीठ विकत घेताना काय पाहावे याचे उत्तर या प्रक्रियेतच दडलेले आहे. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओल फार लवकर ओढते. शुद्ध मिठाला पाणी सुटण्यास हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते, तर मॅग्नेशियम क्लोराइडला साधारण ३३ टक्केही पुरते. म्हणून पोत्यातील मीठ हाताला चिकट, ओलसर लागत असेल आणि जिभेवर ठेवल्यावर खारटपणाच्या मागून कडू चव येत असेल, तर ते नीट निथळलेले नाही असे समजावे. नुकत्याच निघालेल्या मिठापेक्षा काही महिने राशीत राहिलेले मीठ साठवणीला बरे असते, कारण राशीत असताना हे कडू पाणी हळूहळू झिरपून जाते. खडे पांढरे किंवा किंचित करडे, कोरडे, आणि चिमटीत दाबल्यावर कट्‌कन फुटणारे असावेत. करडा रंग मातीचा असतो. तो दोष मोठा नाही, मात्र असे मीठ धुऊन घ्यावे लागते.

मीठ पाण्यात विरघळणारा पदार्थ, तेव्हा ते धुवायचे कसे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्यासाठी मिठाने तृप्त झालेले पाणीच वापरावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळते, आणि त्यानंतर टाकलेले मीठ तळाशी तसेच राहते. असे पाणी तयार करून पातळ कापडाच्या चौपदरी घडीतून गाळून घ्यावे. किलोभर खडेमीठ स्टीलच्या पातेल्यात घेऊन त्यावर हे पाणी ओतावे, हाताने अर्धा-एक मिनिट खळबळावे आणि गढूळ पाणी लगेच ओतून द्यावे. हीच कृती आणखी एकदा करावी. पाणी आधीच तृप्त असल्यामुळे खडे विरघळत नाहीत, पण त्यांच्या अंगावरील माती आणि मॅग्नेशियमचा कडवटपणा निघून जातो. मग मीठ चाळणीत रात्रभर निथळत ठेवून दुसऱ्या दिवशी कापडावर पसरून कडक उन्हात वाळवावे. मिठाच्या कारखान्यांतील धुण्याची पद्धतही तत्त्वतः हीच असते. मात्र आयोडीनयुक्त खडेमीठ या रीतीने धुतले तर त्याच्या पृष्ठभागावरील आयोडीनचा क्षारही पाण्याबरोबर वाहून जातो, हे विसरू नये.

माती फारच असेल तर मीठ पूर्ण विरघळवून पुन्हा धरावे. लिटरभर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून पातेले रात्रभर स्थिर ठेवावे, सकाळी वरचे नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून वस्त्रगाळ करावे आणि रुंद स्टीलच्या परातीत ओतून वर मलमल बांधून उन्हात ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकची हवा इतकी कोरडी असते की गॅस जाळण्याची गरज उरत नाही. काही दिवसांत परातीच्या तळाशी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पांढरे, चौकोनी बैठकीचे स्फटिक दिसू लागतात. पाणी पूर्णपणे आटू देऊ नये. वाटीभर पाणी शिल्लक असतानाच स्फटिक चाळणीत काढावेत आणि उरलेले कडवट पाणी फेकून द्यावे, कारण ते आटू दिले तर सगळा खटाटोप वाया जातो. या कामाला ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची भांडी अजिबात घेऊ नयेत. मीठ दोन्ही धातूंना खाते.

मीठ साफ झाले की लोणच्याचे काम अर्धे झाल्यासारखेच असते. लोणच्याला खडेमीठच का, याची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांपैकी आयोडीनमुळे लोणचे नासते हे कारण मला पुराव्याअभावी मान्य नाही. खरे कारण अधिक साधे आहे. पिशवीतील बारीक मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात गुठळी न होऊ देणारे पदार्थ अत्यल्प प्रमाणात घातलेले असतात आणि ते विरघळत नसतील तर मिठाच्या पाण्याला ढगाळपणा आणतात. शिवाय जाड खडा हळूहळू विरघळतो, त्यामुळे फोडींना पाणी एकदम न सुटता संथपणे सुटते. कैरीच्या लोणच्यासाठी एक किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ हे वर्षभर टिकण्याच्या हिशेबाने योग्य प्रमाण आहे. लिंबाच्या लोणच्याला किलोमागे २०० ते २५० ग्रॅम लागते. मीठ आधी कढईत मंद आचेवर, तडतड थांबेपर्यंत कोरडे भाजावे, पूर्ण गार करावे आणि खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये जाडसर भरडून घ्यावे. गरम मीठ फोडींवर घातले तर त्या मऊ पडतात. फोडींना प्रथम हळद आणि निम्मे मीठ चोळून रात्रभर ठेवावे, सकाळी सुटलेले पाणी वेगळे काढून फोडी सावलीत पसरून कोरड्या कराव्यात, आणि उरलेले मीठ मोहरीच्या डाळीबरोबर व तिखटाबरोबर मसाल्यात मिसळावे. बरणीच्या तोंडाला दादरा, म्हणजे कापड, बांधून ठेवल्यानंतर पहिला आठवडा रोज कोरड्या पळीने लोणचे वरखाली करावे, म्हणजे खार सगळीकडे सारखा पोचतो. जेथे खार पोचत नाही तेथेच बुरशी धरते.

येथे मापाचा एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मीठ चमच्याने किंवा वाटीने मोजू नये, वजनानेच घ्यावे. चहाच्या सपाट चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम मावते. त्याच चमच्यात जाडे मीठ खड्यांमधील पोकळीमुळे बरेच कमी मावते, आणि किती कमी ते खड्याच्या आकारावर ठरते. आजीच्या वहीत ‘दोन वाट्या मीठ’ असे लिहिलेले असते तेव्हा ते खडेमीठ धरून लिहिलेले असते. तेच माप बारीक मिठाने घेतले की लोणचे तोंडात धरवत नाही, आणि उलट बारीक मिठाची कृती खड्याच्या मापाने केली की ते पावसाळ्यातच उतरते. स्वयंपाकघरात वीस-पंचवीस रुपयांचे मीठ वापरण्यासाठी काही शे रुपयांचा काटा घ्यावा का, अशी शंका काहींना येईल. साठवणीची कामे घरी करणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा.

मिठाच्या पाण्यात आवळे ठेवायचे असतील तर लिटरभर पाण्यात ६० ते ८० ग्रॅम स्वच्छ खडेमीठ विरघळवून, पाणी उकळून पूर्ण गार करून, आवळे बुडतील इतके ओतावे. आवळे पाण्याच्या वर तरंगू देऊ नयेत, त्यासाठी वर छोटी काचेची बशी दाबून ठेवावी, आणि आंबट-खारट चव जमली की बरणी फ्रीजमध्ये हलवावी. ताकातील मिरच्यांनाही जाडे मीठच घ्यावे. भाजके खारे शेंगदाणे घरी करायचे असतील तर लोखंडी कढईत किलोभर जाडे मीठ चांगले तापवून त्यात मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेले दाणे परतावेत. तापलेले मीठ दाण्यांना सर्व बाजूंनी सारखी आच देते, आणि चाळून काढलेले मीठ पुढच्या खेपेला पुन्हा वापरता येते. कढईला मीठ खाते हे वर सांगितलेच आहे, म्हणून काम झाल्यावर ती लगेच धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून ठेवावी.

सैंधवाची, म्हणजे शेंदेलोणाची, गोष्ट वेगळी आहे. ते खाणीतून निघते आणि प्राचीन समुद्र आटून दडपले गेल्याने तयार झालेले असते. भारतात विकले गेलेले बहुतेक गुलाबी सैंधव पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील, झेलम जिल्ह्यातील खेवडा खाणीच्या परिसरातून येत असे. ही खाण मिठाच्या डोंगररांगेत आहे, हिमालयाच्या शिखरांत नव्हे, त्यामुळे पाकिटावरील बर्फाच्छादित शिखरांच्या चित्राला फारसा अर्थ नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लागले आणि मे २०२५ मध्ये तेथील मालाच्या आयातीवर पूर्ण बंदी आली. म्हणून आता सैंधव घेताना पाकिटावरील उगमाचा देश वाचण्याची सवय लावावी. भारतात हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात द्रंग आणि गुम्मा येथे सैंधवाच्या खाणी आहेत. तेथील मीठ गडद रंगाचे असते आणि त्यात न विरघळणारा भाग बराच असतो, म्हणून ते जनावरांच्या चाटणासाठी अधिक खपते.

सैंधवाचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि ते ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. यावरून घरच्या घरी पारख करता येते. काचेच्या पेल्यात चमचाभर पूड ढवळून दहा मिनिटे ठेवावी. पाणी जवळजवळ रंगहीन होऊन तळाशी तांबूस गाळ बसला तर रंग नैसर्गिक आहे. पाणीच गुलाबी राहिले तर रंग घातलेला आहे. तळाशी पांढरा, पिठासारखा थर दिसला तर खडूची पूड मिसळल्याची शंका घ्यावी. शक्यतो पूड न घेता खडा घ्यावा आणि घरी कुटावा, कारण खड्यात भेसळ करणे अवघड असते.

उपवासाला सैंधवच चालते हा आपल्याकडील रिवाज आहे. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरी जाणारे आणि नवरात्रात सप्तशृंगगड चढणारे भाविक तो कटाक्षाने पाळतात. भगरीचे घर मानल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात उपवासाची भगर सैंधवाशिवाय शिजत नाही असे म्हटले तरी चालेल. भगरीला सैंधव घालताना ते आधी अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवून, गाळ बसू देऊन, वरचे पाणी वापरावे. खडा थेट पातेल्यात टाकला की दाताखाली कचकच येते. साबुदाण्याच्या खिचडीत मात्र पाणी चालत नाही, म्हणून तेथे वस्त्रगाळ पूड दाण्याच्या कुटात मिसळून घ्यावी. सैंधवाचा आणखी एक गुण पावसाळ्यात कळतो. त्यात मॅग्नेशियम कमी असल्यामुळे ते खडेमिठासारखे पाझरत नाही, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या ओल्या हवेतही बरणीत बऱ्यापैकी मोकळे राहते. चरकसंहितेने नित्य सेवनाच्या पदार्थांत सैंधवाचा समावेश केला आहे हे सर्वजण सांगतात. त्याच ग्रंथाने पिंपळी, क्षार आणि लवण यांचा अतिरेक करू नये असेही बजावले आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

पादेलोण, म्हणजे काळे मीठ, काटेकोर अर्थाने खाणीतून जसे निघते तसे मीठ नव्हे. सैंधव किंवा अन्य नैसर्गिक मीठ कोळसा आणि हिरडा, आवळा यांसारख्या वनस्पतिद्रव्यांबरोबर मडक्यांत बंद करून भट्टीत कित्येक तास तापवले जाते. त्या उष्णतेत मिठातील सल्फेटांपासून गंधकाची संयुगे बनतात. उकडलेल्या अंड्यासारखा वास त्यांतूनच येतो, आणि गडद जांभळट-तपकिरी रंग लोह व गंधक यांच्या संयुगामुळे. कुटल्यावर हीच पूड फिकट गुलाबी-करडी दिसते, त्यामुळे ‘काळे मीठ गुलाबी कसे’ म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. पूड अगदीच काळीभोर असेल तर उलट जपून घ्यावी.

हा वास उडून जाणारा असल्यामुळे पादेलोण उकळत्या पदार्थात घालणे म्हणजे ते वाया घालवणे होय. ताक, कैरीचे पन्हे, जलजिरा, कोशिंबीर, पेरूच्या फोडी, हंगामातील आंबटसर द्राक्षे यांवर ते शेवटी आणि चिमटीनेच घालावे. पन्हे उकडलेल्या कैरीचे असेल तर गर गार झाल्यावर त्यात गूळ, वेलची आणि सगळ्यात शेवटी पादेलोण मिसळावे. पूड करून फार दिवस ठेवू नये. महिन्याला पुरेल इतकाच खडा कुटून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरावा, आणि चांदीचा चमचा त्यात चुकूनही ठेवू नये, कारण गंधकाने तो काळा पडतो. पोटातील वातावर पादेलोण गुणकारी मानले जाते, पण त्यातही सोडियम भरपूर असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी ते साध्या मिठाच्या हिशेबातच धरावे. ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. ती पूर्णपणे निराळी वस्तू आहे आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

आयोडीनविषयी मात्र तडजोड करू नये. आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंड होतो आणि गर्भातील बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, म्हणून मे २००६ पासून थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित साधे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. सैंधवात किंवा साध्या खडेमिठात नैसर्गिक आयोडीन पुरेसे नसते. समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन असणारच, ही समजूत चुकीची आहे. म्हणून रोजच्या आमटी-भाजीला आणि पोळीच्या कणकेला आयोडीनयुक्त मीठ आणि साठवणीला, उपवासाला, वरून भुरभुरायला बाकीची मिठे, अशी वाटणी घरात करावी. गर्भवती स्त्री घरात असेल तर ही वाटणी अधिक काटेकोरपणे पाळावी. आयोडीनयुक्त खडेमीठही बाजारात मिळते. ते खरोखर तसे आहे का, हे पाहण्यासाठी बटाट्याची फोड कापून तिच्यावर मीठ घालावे, एक मिनिट थांबावे आणि लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. निळसर-जांभळा डाग उमटला तर आयोडीन आहे.

सूक्ष्म प्लास्टिकची भीती हल्ली समुद्री मिठाबाबत विशेष बोलली जाते. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांना २०१८ मध्ये समुद्री मिठाच्या नमुन्यांत असे कण आढळले होते, आणि साध्या वाळूच्या गाळणीने त्यांतील बराच भाग काढता येतो असेही त्यांनी दाखवले होते. घरच्या कापडाच्या गाळणीने मोठे कण आणि तंतू अडतात, सगळे नव्हेत.

खाण्यापलीकडचे उपयोग थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. देवघरातील तांब्या-पितळेची उपकरणी घासायला लिंबाची अर्धी फोड जाड्या मिठात बुडवून वापरावी, पण चांदीवर किंवा मुलामा दिलेल्या मूर्तीवर हा प्रयोग करू नये, कारण खड्याने ओरखडे पडतात. घसा दुखत असताना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा कोणतेही स्वच्छ मीठ घालून गुळण्या कराव्यात. त्यासाठी सैंधवच हवे असे नाही. गोठ्यातील गाई-म्हशींना चाटायला सैंधवाचा मोठा दगड दोरीने टांगून ठेवावा आणि शेजारी पाणी कायम भरलेले असावे. मात्र बरणी धुतलेले किंवा मीठ साफ केलेले खारे पाणी द्राक्षाच्या वेलींच्या वा कुंड्यांच्या मुळाशी ओतू नये. सोडियमने माती घट्ट होते आणि वेलींची पाने कडांनी करपतात. ते पाणी सांडपाण्याच्या मोरीतच जाऊ द्यावे.

साठवणीसाठी चिनी मातीची किंवा काचेची बरणी आणि लाकडी चमचा घ्यावा. उन्हाळ्याचे वर्षभराचे खडेमीठ भरताना ते दोन बरण्यांत विभागावे. मोठी बरणी भाजून गार केलेल्या मिठाने गळ्यापर्यंत भरून, झाकणाखाली कापड लावून घट्ट बंद करावी आणि जून ते सप्टेंबर उघडू नये. रोजच्या वापरासाठी लहान बरणी हाताशी ठेवावी, आणि तिच्यातील मिठाला ओल धरली तर तेवढेच मीठ तव्यावर पुन्हा कोरडे करून घ्यावे.